बाळंतिणीच्या खोलीतला बर्फ

एसीतून पाणी गळतंय, एवढ्याच कारणासाठी कुसाबाईंनी शफीला बोलावलं होतं. त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. वैशाखात नाशकातल्या निम्म्या घरांतले एसी गळतात; लोक खाली बादली लावतात आणि मेकॅनिकच्या नावानं शंख करतात. कुसाबाईंनीही बादली लावली होती. पण ती पलंगावर ठेवावी लागली होती, आणि त्याच पलंगावर आज संध्याकाळी त्यांची मुलगी निकिता तान्ह्या लेकीला घेऊन निजणार होती.

आडगाव नाक्याच्या पुढे, गल्लीच्या टोकाला त्यांचं रो-हाऊस. खाली निजायची एकच खोली, तिला लागून न्हाणी. बाकी सगळं जिना चढून. बाळंतिणीला जिना चढवायचा नसतो, तेव्हा खोली हीच. कुसाबाईंनी ती सकाळपासून घासूनपुसून ठेवली होती. शेगडी, कोळसे, ओवा, वावडिंग, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी, सगळं हाताशी काढलं होतं. बाळ वजनाला कमी भरलं होतं. घरी न्यायला हो म्हणताना डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट दहादा बजावली होती, बाळाला ऊब हवी. गारठा लागला तर निभावणार नाही.

आणि खोली तर गारठलेली होती. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, अन् इथे फरशीवर पाय ठेवला की बोटं आपोआप आखडत होती.

शफी वडाळा नाक्यावरून भर दुपारी घामाघूम होऊन आला. या घरचे एसी तोच बघायचा. आल्या आल्या म्हणाला, "शेठ गेल्याचं कळलं होतं, मावशी. यायला जमलं नाय."

"असू द्या. आधी हे बघा."

खोलीत शिरताच त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि हात तसाच कपाळावर राहिला. "भारी कूलिंग हाय की. कधी चालू केला?"

"चालूच नाय केला. शेठ गेल्यापासून रिमोट कपाटात पडलाय. त्याचे सेल काढून मी घड्याळाला घातले."

"मग पाणी कुठनं येतं?"

"ते मला कळलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

शफी हसला, स्टुलावर चढला, पुढचं झाकण उचललं आणि जाळ्या काढल्या. आत कॉइल दिसायला हवी होती, पातळ पत्र्यांची चमकती रांग. ती दिसतच नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढराशुभ्र बर्फ होता, हाताच्या पंज्याएवढा जाड.

"बर्फ धरलाय कॉइलवर," तो म्हणाला. "होतं असं. जाळी चोंदली, नायतर गॅस कमी झाला, की होतं. मेन बटन बंद करून ठेवायचं, गपचूप वितळतो." त्यानं बटणाकडे हात नेला. ते बंदच होतं. खात्री करायला त्यानं ट्यूबलाइटचं बटण दाबलं. उजेड पडला नाही.

"आज शनिवार, दुरुस्तीचा वार," कुसाबाई म्हणाल्या. "सकाळपासून आख्ख्या गल्लीत लाईट नाय."

शफीनं एकदा एसीकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग स्टुलावरून खाली उतरला.

कुसाबाईंना मात्र हे काय आहे ते सकाळीच कळून चुकलं होतं, फक्त तोंडानं कबूल करायचं नव्हतं. पाण्यामुळे नव्हे, वासामुळे. द्राक्षांच्या पेटीत वरून गंधकाचा कागद घालतात, फळ टिकावं म्हणून. त्याचा नाकात झोंबणारा वास त्यांच्या नवऱ्याच्या, शेठच्या अंगाला आयुष्यभर होता. पिंपळगावला त्यांचं कोल्ड स्टोरेज होतं, आणि घरही त्यांनी तसंच चालवलं. दार लावलेलं, गारवा कडक, आणि किल्ली एकट्याकडे. उन्हाळ्याच्या रात्री ही बाई स्वेटर घालून, कानाला रुमाल बांधून नवऱ्याशेजारी कुडकुडत झोपायची. रिमोटला हात लावायची सोय नव्हती. राग यायचा, सणकून यायचा. फक्त बोलायला तोंड नव्हतं.

निकितानं बुद्धभूषणशी लग्न केलं तेव्हाही ते तोंड उघडलं नाही. पोरगा बँकेत नोकरीला, शांत, निर्व्यसनी. पण बौद्ध. शेठनी जेवणाचं ताट भिरकावलं आणि सांगितलं, ती या घराची पायरी चढणार नाही. मी असताना नाही, मी गेल्यावरही नाही. लोक रागात असं बोलतात आणि मरून जातात. शेठ मेले, पण दहाव्याला रामकुंडावर पिंडाला कावळा शिवेना. रामकुंडावरचे कावळे एरवी कुणाला ताटकळत ठेवत नाहीत, त्यांचा तो रोजचा धंदा. त्या दिवशी मात्र भिंतीवर ओळीनं बसून राहिले. ऊन चढलं. भटजी घड्याळ बघू लागले. कुणी म्हणालं धंदा सांभाळू, कुणी म्हणालं कोल्ड स्टोरेज विकणार नाही. कावळे ढिम्म. शेवटी धाकटा दीर पुंजा हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "दादा, निकिता घरात पाऊल टाकणार नाय. वहिनींच्या वतीनं शब्द देतो." म्हणताक्षणी कावळा पिंडावर होता.

कुसाबाई मागे बायकांत उभ्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

शफीनं कोमट पाणी मागितलं. कुसाबाईंनी गॅसवर पातेलंभर तापवून दिलं. "स्क्रूड्रायव्हरनं टोचून काढला तर?" त्यांनी विचारलं.

"नाय, नाय. आतले पत्रे कागदासारखे असतात. नळीला भोक पडलं की मशीन गेलं." तो मगानं हळूहळू पाणी सोडू लागला. पाणी बर्फावरून ओघळलं, अर्ध्यावर आलं आणि तिथेच थिजलं. त्यानं दुसरा मग ओतला. तेही थिजलं. बर्फाचा थर आता झाकणाच्या बाहेर आला होता.

तेवढ्यात पुंजाचा फोन आला. कुसाबाईंनी स्पीकर लावला. हात ओले होते.

"वहिनी, ऐकलं ते खरं का? आज आणताय तिला?"

"आणतेय."

"अहो, शब्द दिलाय आपण. रामकुंडावर. असं पलटायचं नसतं… त्याचं बरं होत नाय."

"शब्द तुम्ही दिलाय, भाऊजी. तुम्ही पाळा. तुमच्या घरी नाय आणत तिला."

फोन बंद झाला आणि एसीतून आवाज आला. खाकरल्यासारखा. बोलायला सुरुवात करण्याआधी शेठ खाकरायचे, आणि त्या आवाजासरशी घरातली भांडीसुद्धा गप्प व्हायची. वाऱ्याची पट्टी करकरत उघडली, खाली वळली आणि नेमकी पलंगावर रोखली. गंधकाचा वास एकदम दाटला. वारा सुटला. दोरीवरची दुपटी हलायला लागली.

शफीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पण गडी स्वतःच्या धंद्याला धरून राहिला. "मी गॅसच सोडून देतो," तो पुटपुटला. "गॅस नाय तर थंडावा नाय. सीधी बात हाय." तो मागच्या अंगणात गेला, बाहेरच्या मशीनचा नट पान्यानं सैल केला आणि तोंड फिरवून उभा राहिला. फुस्स आवाज यायला हवा होता. काहीच आलं नाही. नट पूर्ण काढला. तांब्याच्या नळीत बोट घातलं. कोरडी.

तो आत आला तेव्हा हळू आवाजात बोलत होता. "मावशी… यात गॅसच नाय. कधीचाच उडालाय. लाईट नाय, गॅस नाय… मग हे गार कशानं होतंय?"

"सांगू?" कुसाबाई म्हणाल्या. "ऐकवेल का तुम्हाला?"

"नको," शफी म्हणाला. "पोरीला दुसरीकडं न्या. माझं ऐका. आमच्या मोहल्ल्यात खोली बघतो, माझी बायको ताहेरा हाय घरी, ती करेल सगळं…"

तो मनापासून बोलत होता, हे कुसाबाईंना कळलं. क्षणभर वाटलंही, हो म्हणावं. मोबाईल वाजला, जावयाचा निरोप होता, दवाखान्यातून निघतोय म्हणून. त्यांनी तो वाचला, आणि आयुष्यभर पोटात घातलेला सगळा राग एकदम वर आला. आज पोरीला दुसऱ्या दारात नेलं तर ती जन्माची दुसऱ्या दारात गेली. पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. माहेर म्हणजे आई. आई जिवंत होती.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. येताना त्यांच्या हातात पेटलेली शेगडी होती, कोळसे लालबुंद फुललेले. शेगडी त्यांनी पलंगाला खेटून, एसीच्या खालीच स्टुलावर ठेवली आणि तिच्यावर मूठभर ओवा टाकला. धूर वर चढला, आणि वरच्या वाऱ्यानं तो त्यांच्याच डोळ्यांत फेकला. कोळसे काळे पडायला लागले.

"फुंका," त्या शफीला म्हणाल्या. तो गुडघ्यांवर बसून पुठ्ठ्यानं वारा घालू लागला.

कुसाबाई पलंगावर चढल्या. पदर खोचला. दोन्ही हात उघडे करून त्यांनी तळवे बर्फावर दाबले. बर्फानं हात धरले. धरले म्हणजे चिकटले नव्हेत. कुणीतरी आतून धरावेत तसे धरले आणि ओढले. गारठा मनगटातून कोपरापर्यंत, कोपरातून खांद्यात चढला. दात वाजायला लागले.

"सोडा, मावशी… सोडा…"

"मी कशाला सोडू?"

मग त्या एसीशी बोलल्या, आणि आवाज अजिबात चढवला नाही. "अहो, ऐकताय का. तुमच्या गारठ्यात मी उभा जन्म काढला. एक गोधडी मागितली नाय. पण ही खोली आता बाळंतिणीची हाय. पोरगी माझी, नात माझी, जावईबी माझा. त्या कावळ्याला काय सांगितलं ते पुंजाला विचारा. मी शब्द दिला नव्हता, मी तो पाळणार नाय."

वारा वाढला. पातेल्यातल्या उरल्यासुरल्या पाण्यावर पापुद्रा धरला.

आणि मग कुसाबाईंनी ते केलं जे त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी केलं नव्हतं. त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं, उखाण्याशिवाय, एकेरी. "वाळू. वाळू कारभारी. नीघ माझ्या घरातून."

आतून कडाड आवाज झाला. बर्फाचा आख्खा थर एका तुकड्यात सुटला आणि त्यांच्या हातांसकट पलंगावरच्या बादलीवर आदळला. वारा थांबला. बाहेरचा उकाडा दारातून आत आला, आणि कोळसे पुन्हा लाल झाले.

शफीनं त्यांचे हात सोडवले; तळव्यांची साल निघाली होती. मग त्यानं बर्फाची ती लादी न्हाणीत न्यायला उचलली. वरच्या बाजूला कुसाबाईंच्या तळव्यांचे दोन ठसे होते. खालची बाजू कॉइलला टेकलेली, तिथे पत्र्यांच्या रेघा उमटायला हव्या होत्या. तिथेही दोन तळवे होते, रुंद, लांब बोटांचे, कुसाबाईंच्या तळव्यांना समोरून भिडवलेले. कुसाबाईंना दिसू नये म्हणून शफीनं लादी पालथी धरली, न्हाणीत आपटून फोडली, आणि बादल्यांमागून बादल्या पाणी ओतलं. मग एसी भिंतीवरून उतरवला. "दुकानात ठेवणार नाय मी," म्हणाला. "सरळ भंगारात, माझ्यासमोर तोडून." पैशाचं नावही न काढता तो गेला.

उन्हं कलली तेव्हा रिक्षा दारात थांबली. कुसाबाईंनी हातांना हळद-तूप लावून चिंध्या बांधल्या होत्या. तशाच हातांनी त्यांनी बाळ-बाळंतिणीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. निकिता उंबऱ्याशी अडखळली, आईच्या हातांकडे बघून रडायला लागली. बुद्धभूषण पिशव्या घेऊन फाटकाजवळच उभा होता.

"तुम्ही का तिथं?" कुसाबाई म्हणाल्या. "आत या, जावईबापू. घर तुमचं हाय."

तो आला. चपला त्यानं उंबऱ्याबाहेर एका कडेला काढून ठेवल्या.

खोली आता छान उबदार होती. भिंतीवर एसीच्या जागी नुसती भोकं राहिली होती, त्यांत त्यांनी कापड कोंबलं होतं. शेगडीच्या धगीनं निकिताच्या कपाळावर घाम आला, जावयाचा सदरा पाठीला चिकटला. कुसाबाईंनी बाळाचं अंग चाचपून पाहिलं. पोट गरम, तळपाय गरम. आजवर एवढं समाधान त्यांना कशात वाटलं नव्हतं. नातीला मांडीवर घेऊन त्या शेगडीजवळ सरकल्या.

बाळानं चेहरा आक्रसला, इवलंसं तोंड उघडून जांभई दिली. त्या तोंडातून पांढरी वाफ निघाली. पौषातल्या पहाटे सायखेड्याच्या नदीकाठी माणसांच्या तोंडातून निघते तशी, दाट.

निकिता उशी सारखी करत होती. तिनं पाहिलं नाही. बाळाच्या दुसऱ्या श्वासाबरोबर पुन्हा वाफ आली, आणि तिच्यासोबत गंधकाचा पुसटसा वास.

कुसाबाईंनी बाळाच्या तोंडावर अलगद पदर घेतला. चिंधी बांधलेल्या हातानं शेगडीत आणखी कोळसे टाकले, बाळाला उघड्या छातीशी घट्ट धरलं, आणि कुणालाच ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या,

"बसा मग. मी पण बसलेय."