कागदावरचा मालक

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर झालंय. पटलं तर वाचा, नाही पटलं तर सोडून द्या. कुणाची समजूत घालत बसायला मला वेळ नाही. माझं इस्त्रीचं दुकान आहे आणि कपड्यांचा ढीग पडलाय.

लोक म्हणतात, असलं काही मध्यरात्री होतं. आमच्याकडे भर दुपारी झालं. मंगळवारी, चार वाजून दहा मिनिटांनी, दुकानामागच्या आमच्या खोलीत.

आधी गाडीचं सांगते.

आमचे हे रंगारी. घरं रंगवतात. डबे, शिड्या न्यायला एक जुनी गाडी होती, ती आठ महिन्यांपूर्वी विकली. घेणारा फरशीवाला, दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान. रोख पैसे मोजले आणि गाडी घेऊन गेला.

विक्रीच्या फॉर्मचे दोन भाग असतात. एक घेणारा नेतो. दुसऱ्यावर त्याची सही घेऊन आपण तो वाहन कार्यालयात द्यायचा. तो दिला की गाडी आपल्या नावावरून उतरते.

ह्यांनी तो दिलाच नाही. उद्या देतो, परवा देतो. ह्यांचा उद्या कधी उजाडलाय म्हणून तेव्हा उजाडेल?

मग एक पाकीट आलं. गाडीचा कर थकलाय, दंड भरा. सोबत चौकातल्या कॅमेऱ्याचा फोटो, कर न भरता गाडी फिरवल्याचा पुरावा. खाली वेळ छापलेली. मंगळवार, चार दहा.

"अगं, गाडी विकलीय. आपला काय संबंध?" हे म्हणाले.

"कागदावर मालक कोण? तुम्ही. मग दंड काय शेजारी भरणार?" मी ते पाकीट त्यांच्या अंगावर फेकलं. माझं तोंड सुटलं की आवरत नाही, ते आख्ख्या गल्लीला माहितीय.

फोटोत पुढच्या चाकाजवळ काहीतरी लोंबत होतं… चिंधीसारखं.

मी म्हटलं, फडकं असेल.

त्यानंतरच्या मंगळवारी हे कामावरून लवकर आले. भिंतीला टेकून पायाच्या बोटांवरचा रंग खरवडत बसले होते. मी दारात शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होते.

एकदम आवाज बंद झाले.

रस्त्यावर माणसं होती, गाड्या होत्या. डोक्यावर पंखा फिरत होता. पण आवाज कशालाच नव्हता. मी इस्त्री आपटून पाहिली… तिचाही नाही.

आणि मग… ब्रेक लागल्याचा आवाज. लांबलचक, कर्कश.

खोलीच्या आत.

हे बसल्या जागेवरून उडाले. कुणी ढकललं नाही, कुणी दिसलं नाही. समोरच्या भिंतीवर आपटले, हाडं मोडल्याचं मला ऐकू आलं. खाली पडले आणि फरपटत निघाले. पालथे, तोंड जमिनीला घासत, जसं काही कशाखाली तरी अडकवून त्यांना कुणी ओढत होतं. कपाटापासून मोरीपर्यंत. मोरीच्या कट्ट्याला डोकं आदळलं तेव्हा थांबले.

जमिनीवर रक्ताचा पट्टा उमटला होता. त्यात दोन दात होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या गाडीनं उडवलं?"

"घरात होते," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्या हातांकडे बघितलं. दिवसभर इस्त्री करणारीचे दंड ते, कुणालाही संशय यावा. नवरा बडवणारी बाई म्हणून नर्सा माझ्याकडे टकामका बघत होत्या. मग त्यांनी ह्यांचा शर्ट कापून काढला. पाठीवर टायरची नक्षी होती, काळीनिळी, खांद्यापासून कमरेपर्यंत. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही.

शनिवारी दुसरं पाकीट आलं. दंड दुप्पट. फोटोवर हे उडाले त्याच मंगळवारची तारीख, तीच वेळ. चिंधी आता चिंधी नव्हती… चौकड्याची बाही होती. तिच्यातून हात निघाला होता. बोटांनी बंपर घट्ट धरला होता.

ह्यांना मी घरी आणलं. पुढच्या मंगळवारी दुकान बंद ठेवलं, कडी लावली आणि पाठीमागून ह्यांच्या कमरेला मिठी मारून बसले. म्हटलं, बघतेच कोण नेतं ते.

चार दहा. पंख्याचा आवाज गेला.

हे म्हणाले, "सोड मला. तुला लागेल."

"गप बसा," मी म्हटलं.

ब्रेक वाजले… आणि त्यांना माझ्या मिठीतून उपटून काढलं. माझ्या हातात नुसती सदऱ्याची चिंधी उरली. ह्यांचा पाय गुडघ्याखाली मोडला, हाड कातडी फाडून बाहेर आलं. माझ्या अंगावर मात्र ओरखडाही नाही.

"आणखी एकदा असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही," डॉक्टर म्हणाले.

मी तिथून तडक फरशीवाल्याकडे गेले.

"गाडी नावावर करून घे. माझा नवरा मरतोय."

"कुठली गाडी वहिनी?" तो म्हणाला.

मी त्याला बाजूला सारून मागच्या अंगणात गेले. गाडी प्लास्टिकखाली झाकलेली होती. बंपर नवा कोरा. मी वाकून खाली बघितलं. चाकामागच्या दांड्याला कापड गुंडाळलं होतं, वाळून कडक झालेलं… चौकड्याचं.

"कुणाला उडवलंस?"

त्यानं माझा गळा धरला. फरश्यांच्या चळतीवर डोकं आपटलं, दोनदा. डोळ्यांपुढं काजवे चमकले. मी हाताला लागलेला फरशीचा तुकडा त्याच्या कानाखाली मारला तेव्हा सुटले. कान धरून तो हसत होता.

"जा पोलिसात. नंबर कुणाचा निघेल? गाडी तुझ्या नवऱ्याची, मेलेला माणूसही त्याचाच."

खरं सांगते, तेव्हा माझ्या हातात तापलेली इस्त्री असती तर मी ती त्याच्या तोंडावर टेकवली असती.

दुसऱ्या दिवशी वाहन कार्यालय. खिडकीतल्या कारकुनाला मी सगळं सांगत सुटले. त्यानं ऐकून घेतलं.

"बाई, चालवतं कोण ते आम्ही बघत नाही. कागदावर ज्याचं नाव, त्याच्या दारात आम्ही जाणार."

मी तिथंच बाकावर बसले. जो मेलेला आमच्या खोलीत येत होता, त्यालाही गाडी कोण चालवत होतं ते ठाऊक नव्हतं. तोही कागदावरचं नाव बघूनच येत होता.

"नाव कसं बदलायचं?"

"घेणाऱ्याच्या सहीचा भाग आणा."

घर पालथं घातलं. तो भाग ह्यांच्या ब्रशांच्या डब्यात सापडला. आमच्या शहाण्यानं त्यावर रंग लावून बघितले होते. एक पट्टा निळा, एक पिस्ता, एक गुलाबी. कुणाच्या तरी बैठकीच्या भिंतीला कुठला शोभेल म्हणून. सही पिस्त्याखाली गाडली गेली होती.

मी रडले. मग ब्लेड घेतलं आणि रात्रभर पापुद्रा पापुद्रा सोलत बसले. उजाडायच्या सुमारास सही दिसली.

सोमवारी फॉर्म दिला. कारकुनानं भिंगातून सही बघितली, शिक्का मारला. गाडी फरशीवाल्याच्या नावावर चढली. मला काय होणार ते ठाऊक होतं. मी ते समजून उमजून केलं.

मंगळवारी चार दहाला मी दवाखान्यात ह्यांचा हात धरून बसले होते. आवाज बंद झाले… ब्रेक वाजले. खाली, रस्त्यावर. मग तो आवाज पुढं निघून गेला.

फरशीवाला त्याच्याच दुकानात सापडला. शटर आतून बंद. फरश्यांच्या तुकड्यांवरून त्याला भिंतीपासून भिंतीपर्यंत इतक्या वेळा ओढलं होतं की चेहरा उरला नव्हता. ऐकलं आणि मला बरं वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

महिना झाला. मला वाटलं, एकदाची पीडा टळली.

मग काल फरशीवाल्याची बायको दुकानात आली. हातात पाकीट.

"ताई, गाडीचा दंड चढतोय. ती भंगारात काढायचीय, पण आधी वारसाचं नाव लावा म्हणतात. तुम्ही ही कामं केलीयत. एवढा फॉर्म भरून देता?"

"वारस कोण?"

"लेकीचं लावते. एकोणीसची झाली, ती करेल धावपळ."

मी फोटो बघितला. गाडीखालचा माणूस आता गाडीसमोर उभा होता, चौकड्याच्या शर्टात… पाय दोन्ही धड. कॅमेऱ्याकडे बघत होता.

"लावू नका कुणाचं नाव," मी म्हटलं. "राहू दे तसंच."

"तसं कसं चालेल? वारस नाही लागला तर विक्री रद्द धरतात. गाडी परत आधीच्या मालकाच्या नावावर जाते."

आतल्या खोलीत हे भिंतीला धरून चालायचा सराव करत होते. काल पहिल्यांदाच पाय जमिनीला पुरता टेकला होता. मला हाक मारून म्हणाले, "अगं, बघ, चार पावलं टाकली."

त्या बाईनं पेन पुढं केलं. मी तिला सगळं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं.

मी लेकीचं नाव विचारलं. ठळक, सुवाच्य अक्षरात लिहिलं. माझं अक्षर फार छान आहे म्हणाली ती, आणि तिथूनच कार्यालयात गेली.

आज मंगळवार. हे आत झोपलेत. चार वाजून गेलेत. मी इस्त्री चालू ठेवलीय, तिचा आवाज येतोय तोवर बरं वाटतं.