एकोणसाठावं चित्र

"डोळे फुटलेत का तुझे?" मी कॉम्प्युटरवर ओरडले.

"त्याला डोळे नाहीत. जे काही आहेत ते माझे," मागून आवाज आला.

वळून पाहिलं, तर चष्मा कपाळावर चढवलेला एक किडकिडीत तरुण. विमान तपासणीचं आमचं प्रशिक्षण ज्या प्रोग्रॅमवर चालायचं, तो यानेच बनवलेला. पडद्यावर विमानाच्या, रिवेटच्या खिळ्यांनी जोडलेल्या पत्र्याचे खरे फोटो यायचे. काहींत त्याने मुद्दाम चिरा घातलेल्या, काही स्वच्छ सोडलेले. चीर दिसली की क्लिक करायचं. नसलेली दाखवली की गुण कापला जायचा. एकोणसाठाव्या चित्रात मी चीर दाखवली आणि लाल अक्षरं उमटली — 'निर्दोष. तुमचे उत्तर चूक.'

एका गुणाने नापास! तेही तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या संधीत. आता विमानांना हात लावायचं विसरा; इथेच स्टोअरमध्ये जन्मभर खोकी उघडा. आईला कोणत्या तोंडाने सांगणार होते मी?

"तिसऱ्या रांगेत, चौथ्या रिवेटपाशी चीर आहे," मी म्हटलं.

"या फोटोत मी एकही घातलेली नाही."

"तुम्ही नसेल घातली. विमानाला स्वतःची पडत नाही का?"

तो हसला... आणि हसता हसता थांबला. चष्मा डोळ्यांवर आणून माझ्या खांद्यावरून पडद्याकडे वाकला. त्याच्या शर्टाला साबणाचा वास येत होता. भांडायचं मी विसरूनच गेले.

"पाहायला हवं," तो म्हणाला. "तुम्ही उगाच क्लिक करत नाही. एकेका रिवेटपाशी किती वेळ थांबता."

"तुम्हाला काय माहीत?"

"कोण कुठे किती वेळ थांबलं, याची प्रोग्रॅम नोंद ठेवतो."

"म्हणजे पाळत?"

"नोंद सगळ्यांची असते..." त्याचे कान लाल झाले. "मी वाचतो मात्र — तुमचीच."

फोटोतलं विमान अजून हँगरमध्येच होतं. दुपारी उडणार होतं. आम्ही धावतच गेलो. बाहेर पाऊस लागला होता आणि पत्र्याच्या छतावर असा ताशा वाजत होता की ओरडून बोलावं लागत होतं. मी शिडी चढले, त्याने खाली शिडी धरली. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून मी तिरका प्रकाश टाकला, आणि चौथ्या रिवेटच्या कडेला केसाएवढी काळी रेघ दिसली.

मुख्य तपासनीसांना सगळे काका म्हणत. त्यांनी तिथे चीर शोधायचं यंत्र टेकवलं. काटा उडाला.

"पोरी," काका म्हणाले, "आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं गं इथे." मग दुपारचं उड्डाण थांबवायला सांगून ते त्याच्याकडे वळले. "आणि तुम्ही महाराज, ते उत्तर दुरुस्त करा आधी!"

परत आल्यावर तो कॉम्प्युटरपुढे बसला. माउसवर हात ठेवला... आणि हात तिथेच राहिला.

"काय झालं?"

"हे बदललं की तुम्ही पास. पास झालात की सोमवारी दुसऱ्या तळावर. इथून बसने सहा तास."

"आणि नाही बदललं तर?"

"तर स्टोअर. माझ्या खोलीच्या समोर." तो माझ्याकडे बघत नव्हता. "रोज दिसाल. एक क्षण... एकच क्षण मोह झाला. खोटं कशाला बोलू?"

रागवायला हवं होतं. पण मला तो आवडला होता. त्या क्षणी तर फारच.

त्याने क्लिक केलं. पडद्यावर माझा निकाल बदलला. माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच सोमवार आठवला.

तेवढ्यात त्याने टेबलावरच्या दोषपत्रांच्या गठ्ठ्यातलं एक ओढलं, काहीतरी खरडलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

'दोष — सोमवारपासून इथे एकाचं मन लागणार नाही. उपाय — दर शनिवारी बसने तिकडे जाणे.' खाली त्याची सही. आमच्याकडे एकाच्या सहीने कुठलंच काम पुरं होत नाही. दुसऱ्याने तपासून सही करायची असते. ती जागा कोरी होती.

"मी तपासल्याशिवाय सही करत नाही," मी म्हटलं.

"तपासा की."

"एकाचं म्हणजे कुणाचं? आमच्या कामात मोघम चालत नाही."

त्याने 'एकाचं' खोडून 'माझं' लिहिलं. अक्षर पार वाकडं आलं.

मी पेन घेतलं. 'उपाय'पुढे लिहिलं — 'एका शनिवारी त्याने यावे, एका शनिवारी मी येईन.' 'दोष'पुढेही दोन शब्द वाढवले — 'तिकडे माझंही.'

मग सही केली.