चालठसा

मगदुमांच्या घराला कॅमेरा घ्यायचं ठरलं, तोवर गल्लीतल्या बाकीच्या सगळ्या दारांना वाचा फुटून गेलेली होती. समोरच्या चौगुल्यांचं दार दूधवाल्याला नावानं हाक मारी. कोपऱ्यावरचं दार तर पाहुण्यांना चपला कुठं काढायच्या तेही सांगे. इचलकरंजीच्या त्या गल्लीत मुकं दार उरलं होतं ते इंदुमती मगदुमांचं. अख्खी गल्ली त्यांना आक्का म्हणे.

"माझं दार बोलत न्हाई, मी बोलतो की. तेवढं पुरे न्हाई व्हय?" असं आक्का विचारायच्या आणि समोरचा मुकाट्यानं मान डोलवायचा.

शाळेचं तोंड त्यांनी तीन वर्षं बघितलं, तेही अधूनमधून. नवरा गेल्यावर कापडाचे चोवीस यंत्रमाग तीस वर्षं एकटीनं चालवले. आता माग विकले होते, शेड रिकामी होती आणि पुढच्या चार खोल्यांत आक्का एकट्या राहत होत्या. पुण्याला असलेल्या मुलानं, भूपालनं, शेवटी अट घातली. एक तर घरात कॅमेरा, नाही तर पुण्याला चौदाव्या मजल्यावर त्याच्याजवळ. आणि तब्येतीची काही तक्रार निघाली, तर कॅमेरा असो नसो, पुणंच.

म्हणून त्या सकाळी अकराला दुकानातली हसीना जमादार तीन कॅमेरे घेऊन आली. पस्तिशीची, कमरेला हत्यारांचा पट्टा, बोलण्यात गोडवा.

"दहा दिवस वापरून बघा आक्का. आवडेल तो ठेवायचा, बाकीचे मी परत नेते."

आक्कांनी माग निवडताना लावायची तीच नजर लावली. "ह्यो काय करतो?"

"हा दिसेल ते साठवून ठेवतो. नंतर बघता येतं."

"म्हणजे चोर गेल्यावर त्याचा शिनेमा बघायचा. वरातीमागनं घोडं. ठेव खाली. दुसरा?"

"हा चेहरे ओळखतो. पण खरं सांगू का, आता कुणी घेत नाही. चेहऱ्यावर बसणारी पातळ कातडी निघालीय ना, कुणीही कुणाचाही चेहरा लावून येतं."

"उसने चेहरे व्हय? ते आमच्या वेळेला बी होते. सोयरीक जुळवताना लई बघितलेत मी."

हसीना हसली आणि तिनं तिसरा, सुपारीएवढा कॅमेरा तळहातावर घेतला. "हा चालठसा घेतो. अंगठ्याचा ठसा असतो तसा चालीचा. पाऊल किती उचलतं, टाच आधी टेकते का बोटं, हात कसा हलतो, वजन कुठल्या कुल्ल्यावर पडतं. चेहरा बदलता येतो, चाल बदलत नाही. घरच्या माणसांचे ठसे एकदा भरले की परकं पाऊल पडताच हा बोंब मारतो."

"आणि मी न्हाणीघरातनं बाहेर आलो की माझा बी शिनेमा?"

"नाही हो. घराच्या आतलं चित्र बाहेर पाठवायला कायद्यानं बंदी आहे. नुसतं काडीचित्र जातं. लहान पोरं माणूस काढतात ना पाटीवर, तसं."

"जातं कुणाकडं?"

"मुख्य सदस्याकडं. म्हणजे भूपालदादांकडं."

"घर माझं आणि मुख्य त्यो."

"पण ठशांच्या नोंदीत काही बदलायचं झालं, तर तुमचाच अंगठा लागतो," हसीना घाईनं म्हणाली. आक्कांना ते पटलं. कॅमेरा मधल्या खोलीत बसला.

मग चाल भरून द्यायची वेळ आली. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत बारा फेऱ्या. हसीना म्हणाली, रोजच्यासारखं चाला. आक्का आत गेल्या आणि वीस मिनिटांनी इरकल नेसून, अंबाडा घालून बाहेर आल्या. यंत्र झालं म्हणून काय झालं, आपली नोंद व्हायची तर नीट व्हावी. लग्नात व्याह्यांना सामोरं जावं तशा त्या बारा फेऱ्या चालल्या, मान ताठ, पाऊल मोजून. नवव्या फेरीला कपाळावर घाम आला, तो त्यांनी पदरानं टिपला.

"काय सरळ चालता हो आक्का," हसीना म्हणाली.

गेले तीन महिने सकाळी उठलं की आक्कांचा डावा पाय जमिनीला चिकटल्यासारखा व्हायचा. उचल म्हटलं तरी उचलत नसे. भिंतीचा आधार घेत, पाय ओढत त्या चूल-पाणी उरकायच्या. ऊन अंगावर आलं, गरम पाण्यानं शेकलं की दहापर्यंत पाय मोकळा होई. म्हणून दहाच्या आधी त्या पोराचा फोन घेत नसत आणि शेजारणीला तळपायाला कुरूप झालंय म्हणून सांगत.

पहिले दोन दिवस यंत्र नुसतं बघत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला आक्का स्वयंपाकघराकडं निघाल्या आणि भिंतीवर लाल दिवा लागला.

"घरात अनोळखी व्यक्ती आहे. मुख्य सदस्यांना कळवले आहे," यंत्रातली एक शहाणी बाई बोलली.

आक्कांनी कोपऱ्यातली केरसुणी उलटी धरली. चारी खोल्या बघितल्या, दार बघितलं, कडी आतून होती. केरसुणी घेऊन त्या परत कॅमेऱ्यासमोर आल्या तशी ती बाई पुन्हा तेच बोलली. तेव्हा कुठं आक्कांच्या ध्यानात आलं की घरातली अनोळखी बाई कोण.

फोन वाजला. भूपाल होता. "आक्का, तू बरी हायस न्हवं? घरात कोण तरी शिरलंय. डावा पाय ओढत चाललंय. तू कुठं हायस? पोलिसांना सांगू का?"

आक्का भिंतीला टेकल्या. खरं सांगायला चार शब्द लागले असते. पण त्या चार शब्दांच्या मागं चौदावा मजला उभा होता.

"गप बस. कामाला बाई ठेवलीय."

"तू? बाई?" भूपालला चोरापेक्षा हे पटायला अवघड वाटलं. चाळीस वर्षांत एकाही बाईनं घासलेलं भांडं आक्कांच्या पसंतीला उतरलं नव्हतं. "नाव काय तिचं?"

"सगुणा."

भूपाल इतका खूश झाला की त्यानं तिथल्या तिथं नोंद केली: सगुणा, घरकाम, सकाळी सहा ते दहा. आक्कांनी फोनवर अंगठा दिला. दुसऱ्या दिवसापासून दिवा लाल व्हायचा बंद झाला. "सगुणाबाई आल्या," असं ती शहाणी बाई सकाळी म्हणे आणि दहाच्या सुमाराला म्हणे, "आक्का आल्या."

मग नवलच झालं. आक्का स्वतःहून पोराला फोन करू लागल्या आणि बोलायच्या ते सगळं सगुणाबद्दल.

"तिला सकाळी पोलक्याची बटणं लावता येत न्हाईत बघ. हात थरथरतो."

"वय किती तिचं?"

"माझ्याएवढी. काल चहाची कपबशी हातातनं निसटली. रडली."

"तू बोललीस काय तिला?"

"न्हाई. तिला काय बोलायचं."

"नको बोलूस. गरिबाची बाई. तिला बसून चहा पीत जा म्हणावं," भूपाल म्हणाला. आक्कांनी त्या दिवशी खुर्चीवर बसून, दोन्ही हातांनी कप धरून चहा घेतला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कुणी बसायला सांगितलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी भूपालचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज कामाचा होता.

"आक्का, कंपनीकडनं निरोप आलाय. सगुणाबाईंची चाल दिवसागणिक बिघडत चाललीय. पाऊल पुरतं उचलत न्हाई, वळताना अडखळतात. मेंदूकडनं पायाला हुकूम जातो त्यात खोट असू शकते, लवकर डॉक्टरला दाखवा म्हणतायत. तू तिला काढून टाक."

"का?"

"उद्या पडली बिडली तर निस्तरणार कोण? तिचं कोण हाय का न्हाई?"

"एक मुलगा हाय. लांब असतो."

"मग त्यानं न्यावं की."

"तिला जायचं न्हाई. तिला तिचं घर सोडवत न्हाई."

"तिला काय कळतंय, आक्का? अशा माणसाला विचारत बसत न्हाईत. उचलून न्यायचं."

"दूध उतू चाललंय," आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला. चुलीवर काहीही नव्हतं.

दुपारभर त्या बसून राहिल्या. मग हसीनाला निरोप दिला: उद्या सकाळी सातला ये. सातलाच.

हसीना आली. दार उघडायला आक्कांना वेळ लागला. तोवर हसीनानं हातातल्या काचेच्या पाटीवर यंत्राच्या दहा दिवसांच्या नोंदी उघडल्या होत्या. त्या बघून ती थबकली.

"आक्का, ह्या सगुणाबाई दारातून एकदाही आत आलेल्या नाहीत. बाहेरही गेलेल्या नाहीत."

आक्का उभ्या होत्या, एक हात भिंतीला. हसीनानं त्यांच्या पायाकडं बघितलं आणि मग चटकन दुसरीकडं.

"मी हा काढून नेते," ती हळू आवाजात म्हणाली. "यंत्र सदोष निघालं म्हणून लिहिते. तो पहिला लावू. तो कुणाला काही सांगत नाही. दादांना काही कळायचं नाही."

आक्कांनी भिंतीवरच्या यंत्राकडं बघितलं.

"पोरी, सुताची तार तुटल्यावर माग काय करतो, माहीत हाय तुला?"

"थांबतो."

"चांगला माग थांबतो. भिकार माग तसाच पळतो. आवाज बी तोच. सांजच्याला कापड उतरून बघावं तर चाळीस मीटरला चिरा. आमच्या गल्लीत थांबणारे माग पहिल्यांदा मी आणले. लोक म्हणाले, बाईला अक्कल न्हाई, घटकाघटकाला थांबतोय." आक्कांनी पदर खोचला. "तो मुका कॅमेरा तू घेऊन जा. सगुणाचा आणि माझा ठसा एक कर."

"मग दादांना निरोप जाणार, आक्का. लगेच."

"तो मला विचारूनच जाईल न्हवं? अंगठा माझाच लागतोय."

"आणि परत चालावं लागेल. बारा फेऱ्या."

ह्या वेळी आक्का आत गेल्या नाहीत. अंगावर रात्रीचं सुती लुगडं होतं, केस सुटलेले. त्यांनी भिंतीचा हात सोडला आणि निघाल्या. डावा पाय फरशीवरून खरखरत मागनं यायचा. वळताना त्या थांबायच्या, पायाला दोन शिव्या द्यायच्या आणि पुन्हा निघायच्या. हसीना आधाराला पुढं झाली नाही. ती दाराशी उभी राहून मोठ्यानं फेऱ्या मोजत होती. सातव्या फेरीला तिचा आवाज जरा फाटला.

"रडायचं असेल तर भायेर जा," आक्का म्हणाल्या. "मोजणी चुकंल."

बाराव्या फेरीनंतर त्या खुर्चीत बसल्या. हसीनानं पुढं केलेल्या पाटीवर त्यांनी अंगठा ठेवला. तो थरथरत होता, म्हणून दुसऱ्या हातानं दाबून धरला.

"नोंद झाली," भिंतीवरची शहाणी बाई म्हणाली. "सगुणा आणि इंदुमती मगदूम एकच व्यक्ती आहेत. मुख्य सदस्यांना कळवले आहे."

फोन वाजायला एक मिनिटही लागलं नाही. आक्कांनी तो उचलला. पलीकडं पन्नाशीला आलेला त्यांचा मुलगा तोंड दाबून रडत होता, आणि आपण काल काय काय बोललो ते त्याला एकेक करून आठवत असणार, हे आक्कांना दिसल्यासारखं कळलं. त्यांनी त्याला सावरायला वेळ दिला.

"आक्का," तो शेवटी म्हणाला, "मी निघतोय. आत्ता."

"ये. डॉक्टरकडं बी जाऊया, मी न्हाई म्हणत न्हाई. पण गाडीत बसायच्या आधी एक सांग."

"काय?"

"हितं आल्यावर तू मला विचारणार हाईस, का उचलणार?"