गुहेतलं पाणी चढलं तेव्हा

आमच्याकडे पाऊस कमी नाही, पण डोंगर चुनखडीचे. पडलेलं पाणी दगडच पिऊन टाकतात. वर मक्याला ओल नसते आणि खाली खोल कुठेतरी अख्खी नदी वाहते. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या रात्री उशीला कान लावून मी तिचा आवाज ऐकला होता.

पाणी हवं तर गुहेत उतरायचं. दीडशे पायऱ्या, त्याही ओल्या. माझ्या नवऱ्याची, देचांगची, पहिली बायको चिउ-यिंग तिथेच वाहून गेली. तिची लेक आ-ल्येन तेव्हा रांगत होती. देह मिळालाच नाही, त्यामुळे कबर नाही. तिसऱ्या महिन्याच्या तिजेला सगळं गाव आपापल्या कबरींवर जायचं, आम्ही गुहेच्या तोंडाशी. रंगीत चिकट भात मीच शिजवायची. पानावर वाढताना सांगायची, ताई, पोरगी बरी आहे. देचांग म्हणायचा, सवतीशी एवढं गूळपीठ साऱ्या खोऱ्यात कुणाचं नसेल.

त्या दिवशी दुपारी आकाश निरभ्र होतं. कावड खांद्यावर, कंदील हातात, अशी मी रोजच्यासारखी उतरले. एक बादली भरली. दुसरी बुडवते तोच आतून गार वारा आला. त्याला चिखलाचा वास होता. कंदील विझला.

काड्या पेटीसकट भिजल्या होत्या. डोळे उघडे की मिटलेले, तेही कळेना. पायाने पायरी चाचपली, तर तिथे पाणी. दुसरीकडे चाचपलं, तिथेही पाणीच. मग कानाशी कुणीतरी हळूच बोललं.

"धाकटे... पाणी चढतंय. बादल्या सोड. उजव्या हाताला भिंत आहे, ती धर..."

तो आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. तरी कुणाचा, ते विचारावं लागलं नाही.

भिंत धरली. पायरी सापडली. पाणी घोट्याला होतं, मग गुडघ्याला आलं. मी चढत होते आणि माझ्या मागे आणखी दोन पावलं पाण्यात वाजत होती. तरी पळावंसं वाटलं नाही. अर्ध्यावर ती पुन्हा बोलली.

"आ-ल्येन... जेवते का नीट?"

"जेवते," मी कसंबसं म्हटलं. "पण मक्याची पेज नको म्हणते. भातच हवा असतो."

मागे कुणीतरी अगदी हलकं हसलं. "माझ्यावर गेलीय..."

वर उजेड दिसायला लागला. मला एकाएकी रडू आलं. "ताई, चल ना वर," मी म्हटलं.

वळून पाहिलं, तर मी नुकत्याच सोडलेल्या पायऱ्यांवर गढूळ पाणी उसळत होतं. पलीकडच्या डोंगरांवर ढग फुटला होता, हे आम्हाला संध्याकाळी कळलं.

देचांगला सगळं सांगितलं. तो हसला नाही. एवढंच विचारलं, की दिसली का. नाही म्हटल्यावर तो अंधार पडेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिला.

सकाळी चूल पेटवायला उठले, तर शेजारी झोपलेल्या आ-ल्येनच्या दोन वेण्या घातलेल्या. चार पेडांच्या. मला तीन पेडांचीच येते. केस ओले होते. तिला उठवून विचारलं, कुणी घातल्या गं?

"तूच तर," ती झोपेतच म्हणाली. "किती गार होते तुझे हात."

वेण्यांच्या टोकांना दोरा नव्हता. चुनखडीचा पांढरा, टणक थर होता, गुहेत थेंबाथेंबाने वर्षानुवर्षं साठतो तसा. देचांगने दगडावर ठेचून पाहिला, फुटला नाही. शेवटी टोकं कात्रीने कापावी लागली.