बाहेरनं केला

"माझे पोरीला दाखवलाय एक, नि बोहल्यावर उभा करनार दुसराच!"

तळवलीच्या रामचंद्र मढवींनी वाशीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पाऊल टाकताच बाँब टाकला. अरविंदच्या हातातला चहा हिंदकळला. रविवार त्याने झोपेसाठी राखून ठेवला होता. पण बायको खासगी गुप्तहेर असली की कसला रविवार नि कसली झोप! सुनीती मात्र खुशीत खुर्ची पुढे ओढून बसली.

मढवींनी खिशातून फोटो काढून पुढे धरला. होणारा जावई, तुर्भ्याचा भगवान भोईर, मागच्या वर्षीचा. ओठाच्या डाव्या कोपऱ्याखाली, जबड्यावर सुपारीएवढं टेंगूळ.

"हाडाची साधी गाठ व्हती, काढली म्हनं. पन बघाला आला तवा तोंडावर वरखडा पन नाय! त्याची आयसच बोलली, ऑपरेशन बाहेरनं केला. मंग निशानी कुठं? निशानी हाय ती त्याचे भावाला, गोटीरामला. दोघं दिसतान सारखे. फोटोतला गोटीराम, नि दाखवला भगवान!"

"आणि तुमची मुलगी काय म्हणते?" सुनीतीने विचारलं.

"शांतीला ह्योच पायजे. बघाचे टायमाला लाजून सारखी हनुवटीला हात लावी. नि तो येडा लगेच सोताची हनुवटी पुसी! उद्या साखरपुडा हाय, बाय. मोडला तर पोर जेवाची नाय."

बोलता बोलता मढवींचे डोळे भरून आले. अरविंदला त्यांची फार दया आली.

दुपारी तिघं तुर्भ्याला भोईरांच्या ओटीवर होती. मढवी तोंड फुगवून कोपऱ्यात बसले.

"ऑपरेशन कुठे केलंत?" सुनीतीने भगवानच्या आईला, बायजाबाईंना, विचारलं.

"गावचे डाक्टरला नाय जमला. मंग बाहेरनं केला," म्हणत त्यांनी चहा आणला.

गोटीरामच्या जबड्याखाली, पार कानाजवळ, बोटभर व्रण होता. "लहानपनी होडीवर आपटलू," तो म्हणाला. बशीतला थेंब हनुवटीवर पडताच "हाय हाय" करत त्याने तो पुसला.

भगवान लाजत चहा पीत होता. त्याच्याही हनुवटीवर डावीकडे एक थेंब ओघळला आणि तसाच राहिला. बावळटच आहे, असं वाटून अरविंदने रुमालाला हात घातला. सुनीतीने त्याचा हात दाबला.

"अहो, राहू द्या. तुमचा संशय कुणावर?"

"गोटीराम! व्रण आहे ना!"

"म्हणजे आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी," सुनीती हसली. "फोटोत गाठ ओठाखाली आहे, व्रण कानाजवळ. मागची गाठ असली तर डॉक्टर जबड्याखालून कापतात. पुढची छोटी गाठ तोंडातूनच काढतात. ओठ खाली ओढायचा, हिरडीशेजारी चीर द्यायची, गाठ तासायची. बाहेर व्रण उरतच नाही."

"पन आयस बोलली बाहेरनं!" मढवी उसळले.

"बाहेरून म्हणजे गावाबाहेरच्या दवाखान्यात, मढवीकाका! तोंडाच्या बाहेरून नव्हे."

"तर काय! गावान कुठं मोठा दवाखाना हाय?" बायजाबाई म्हणाल्या.

"आणि ओठाची नस तिथूनच बाहेर येते. गाठ काढताना ती ताणली की हनुवटी काही महिने बधिर राहते. गरम चहा सांडला तरी कळत नाही. भगवान, ओठ खाली ओढ बरं."

भगवानने ओठ ओढला. हिरडीच्या खोबणीत, डावीकडे, बारीक गुलाबी रेघ होती. मढवींनी ती पाहिली, आणि आपले कान धरले.

"पण तुला संशय आला कधी?" अरविंदने विचारलं.

"घरीच. शांती लाजत नव्हती हो. त्याच्या हनुवटीला काहीतरी लागलं होतं, ते ती खुणेने सांगत होती."

दुसऱ्या दिवशी साखरपुड्यात भगवानला पेढा भरवला गेला. हनुवटीवर कण चिकटला. त्याला कळलं नाही. समोर शांतीने हळूच स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं. त्याने लगेच पुसलं, आणि दोघं हसली.

"लाजली वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं.

"लाजली कसली!" रामचंद्र मढवी ऐटीत म्हणाले. "पोर संसाराला लागली!"