एल्बेकाठचा चित्रकार

बायकोला, फ्रिडेरिकाला, पुरून आल्यावर ट्राउगोटने, मयत घरात असेपर्यंत रीतीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं चित्र सरळ केलं. रेघा तिच्या नव्हत्या.

एल्बे नदीकाठी बसून त्यांचा चित्रकार मित्र आइखलर चित्र काढतोय, असं ते शाईचं चित्र. बायकोच्या हातचं एवढंच उरलं होतं. ट्राउगोटने चौकट उघडली. फ्रिडेरिकाची शाई वर्षानुवर्षं कागदात उतरली होती, रेघा मागूनही दिसायच्या. हा कागद मागून कोरा होता. कुणीतरी नक्कल बसवली होती.

"ऑगस्टे, चित्र कधी फिरवलंस?" त्याने मेहुणीला विचारलं.

"सोमवारी, ताईने डोळे मिटले तेव्हाच, भावजी. तेव्हापासून मी नाहीतर पाद्रीबाबा, कुणीतरी तिच्या उशाशी होतंच. कुणी हात लावलेला नाही."

ते चित्र आजवर दोघांनी मागितलं होतं. चित्रांचा व्यापारी रोडे आणि खुद्द आइखलर. दोघंही अजून स्वयंपाकघरात मयताचा केक खात बसले होते.

रोडे गडबडला. "अहो, मी बुधवारी आलो तेव्हा सगळ्या तसबिरी पाठमोऱ्या. पाठीवरून काय कळणार मला?"

"आणि तू रे?"

आइखलरने बोटांवरचं लोणी चाटलं. "मंगळवारी तिच्या पायाशी उभा होतो. समोर हे चित्र. बघून रडलो रे! तेव्हा खरंच होतं. माझ्यानंतर कोण आलं, त्याला विचार की."

ट्राउगोट त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"मंगळवारी चित्राचं तोंड भिंतीकडे होतं. तू खोलीत पाऊलच टाकलं नाहीस. रोममध्ये इतकी वर्षं राहिलास, घरची रीत विसरलास. ती गेल्यावर खोली एकदाही रिकामी नव्हती. म्हणजे अदलाबदल आधीची. रविवारी मी औषध आणायला गेलो, तेव्हा तासभर तिच्यापाशी तू एकटाच होतास. नक्कल तयार करूनच आला होतास."

"तिला कुठे शुद्ध होती?" आइखलर पुटपुटला.

"वाचा गेली होती तिची. डोळे उघडे होते. ती बघत होती तुला."

ऑगस्टेने आइखलरच्या पुढ्यातली बशी ओढली आणि केक खरकट्यात लोटला.

"कुठे आहे चित्र?" ट्राउगोटने विचारलं.

"लाइपझिगला. एका उमरावाला विकलं. माझं म्हणून. त्यात मीच आहे ना?"

"ऊठ. माझ्या घरातून चालता हो."

चित्र अजून लाइपझिगलाच आहे. त्यावर आइखलरची सही आहे. ती खोडून फ्रिडेरिकाचं नाव घालायचं राहिलं आहे.