वळसा घालून गेलेला ट्रक

स्पिरिदोन घरातून निघाला तो चुलीचं दार आणायला. त्याच्या बायकोच्या, वार्वाराच्या, चुलीचं ओतीव लोखंडाचं दार तडकलं होतं आणि घरभर धूर व्हायचा. खांडिगाला तिच्या मावशीकडे तसंच एक जुनं दार पडून होतं. सकाळी जायचं, मावशीकडे दोन घास खायचे, दार गाडीत टाकायचं आणि परत यायचं. एवढंच काम.

स्पिरिदोन माझा शेजारी. आमच्या गाड्या कित्येक हिवाळे एकाच गॅरेजात भिंतीला भिंत लावून उभ्या असायच्या. हे त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, तेही एकदाच.

एर्चिम, तू मागे भिंतीला टेकू नकोस, इकडे पुढे बस. तुझ्यासाठीच सांगतोय. मघाशी आत आलास, हात शेकलेस आणि काय म्हणालास? "वाटेत एक गाडी बॉनेट उघडून उभी होती, म्हटलं मागून कुणीतरी येईलच." दुधाच्या गाडीवाला आला मागून, म्हणून ती दोघं आज सरपंचाच्या घरी चहा पितायत. तो आला नसता तर?

"आजोबा, मी परत जाणारच होतो..."

गप. जाणार होतास म्हणे. ऐक.

अठरा जानेवारीची ती रात्र. सुल्लुकून, म्हणजे नदीखालचे लोक, बर्फ फोडून वर येतात त्या दिवसांतली शेवटची. पण स्पिरिदोन असलं काही मानायचा नाही. मावशीनं आग्रह करकरून घोड्याच्या मांसाचा रस्सा वाढला, त्यात उशीर झाला. निघाला तेव्हा अंधार पडला होता आणि पारा शून्याखाली चोपन्नवर होता.

त्याची गाडी म्हणजे ती जुनी, पावासारखी गोल व्हॅन. इंजिन आतच, दोन सीटांच्या मधे, वर जाड नमद्याची गोधडी. अशा थंडीत गाडी कशी चालते तुम्हाला माहीतच आहे. रात्रभर उभी राहिलेली चाकं खालून चपटी होतात, पहिले काही मैल गाडी लंगड्या घोड्यासारखी धाडधाड उडते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढावं लागतं. गिअर चिखलात रुतल्यासारखा. मग हळूहळू तेल पातळ होतं, गाडी माणसात येते. स्पिरिदोनची गाडीही माणसात आली होती. गुडघ्यांना ऊब लागत होती, तो गुणगुणत होता.

जळक्या जंगलापाशी इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

त्यानं किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. पेट्रोलमध्ये पाणी होतं, नळीत गोठून बसलं होतं. काय करायचं ते त्याला ठाऊक होतं. थर्मासमधला गरम चहा फडक्यावर ओतायचा, फडकं नळीला गुंडाळायचं, खाली इंजिनच्या तेलाच्या टाकीला ब्लोलॅम्पची आच द्यायची. पण त्यानं आधी हातमोजे काढून नळ्या चाचपल्या, आणि तिथंच चुकला. बोटं लाकडाची झाली. काडी धरता येईना. थर्मासचं झाकण फिरेना. स्टेपनी काढून पेटवावी म्हटलं, तर पेटवणार कशानं?

तेवढ्यात मागून दिवे आले.

डावा दिवा पिवळट, उजवा पांढरा. लाकडांचा ट्रक. अख्ख्या तालुक्यात असा एकच. अफानासी! वार्वाराचा सख्खा भाऊ, स्पिरिदोनचा मेहुणा.

दोघांत बोलणं बंद होतं. गवताच्या कुरणावरून वाजलं होतं आणि स्पिरिदोननं भर जेवणात, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्याला चोर म्हटलं होतं. तरी स्पिरिदोन रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात वर केले. रस्त्यावर भांडण नसतं. रस्त्यावर फक्त थंडी असते. हा आपला कायदा आहे आणि तो कुणी कागदावर लिहिलेला नाही.

ट्रक हळू झाला. दिव्यांत दोघांनी एकमेकांना नीट पाहिलं. मग ट्रक वळला, त्यानं व्हॅनला वळसा घातला... आणि गेला.

स्पिरिदोन मला म्हणाला, "थंडी मला त्या क्षणी वाजायची थांबली, प्रोकोपी. इतका राग आला."

त्या रागावर तो किती वेळ उभा होता कोण जाणे. शिव्या देत होता. मोठमोठ्यानं. मग शिव्यांचा आवाज बारीक झाला. मग झोप यायला लागली... ती झोप तुम्हाला माहिती आहे.

"झोपतोस काय रे? ऊठ."

समोर एक माणूस उभा. जुनी कापूस भरलेली कोटी, टोपीचे कान वर बांधलेले. कुठून आला, गाडी कुठंय, काही नाही. त्यानं थर्मास हिसकावून घेतला.

"पेट्रोल भरताना डोळे कुठं असतात तुमचे? पाणी भरता आणि मग मरता," तो म्हणाला. "धर हे फडकं. असं नाही. असं. आईनं काही शिकवलं नाही वाटतं."

स्पिरिदोनला हसूच आलं. जीव वाचत होता ना. "रागवा काका," तो म्हणाला, "हवं तेवढं रागवा."

माणूस गाडीखाली शिरला. ब्लोलॅम्प एका काडीत पेटला. तेलाच्या टाकीखाली निळी ज्योत सुरसुरू लागली. तो बडबडत होता, सारखा बडबडत होता. थंडीवर, गाडीवर, माणसांच्या जातीवर. स्पिरिदोननं ज्योतीच्या उजेडात त्याचे हात पाहिले. उघडे होते. उघड्या हातानं त्यानं लोखंडी दांडा धरला होता. चोपन्नमध्ये. कातडी चिकटत नव्हती.

मग स्पिरिदोननं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

स्पिरिदोनच्या स्वतःच्या नाकातोंडातून वाफेचा ढग निघत होता. श्वास सोडला की तो हवेतच गोठून कुरकुरत होता.

तो माणूस इतका बोलत होता...

आणि वाफ नव्हती.

"कोण गेलं इथून?" माणूस म्हणाला. गाडीखालूनच.

"कुणी नाही."

"गेलं. चाकांचा माग वळसा घालून गेलाय."

स्पिरिदोननं मान वळवून मागाकडे पाहिलं.

"मलाही असाच घालायचे," माणूस म्हणाला. "वळसा."

पोरांनो, आदल्या हिवाळ्यात त्याच ठिकाणी एक माणूस गोठून मेलेला सापडला होता. माकार नावाचा, पलीकडच्या तालुक्यातला गुरांचा डॉक्टर. गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडलेली, आणि दोन्ही बाजूंनी ताज्या चाकांच्या खुणा. एक नाही, दोन नाही. लोकांनी गाडी जपून बाजूनं काढली होती. घासू नये म्हणून! मी त्या खुणा पाहिल्यात. त्या दिवशी माझ्या हाती कुणी लागला असता, तर मी त्याला... जाऊ दे. चहा ओत कुणीतरी.

माणूस गाडीखालून बाहेर आला. "नाव सांग."

"काका, गाडी सुरू करू द्या..."

"नाव."

स्पिरिदोनला कळलं होतं आपण कुणाशी बोलतोय. कळूनसुद्धा. इथंच तर सगळं आहे, एर्चिम. तो नाही म्हणू शकला असता. अंधारात दिसलं नाही म्हणाला असता. पण छातीत तो राग बसला होता. गरम. सगळ्या अंगात तेवढाच गरम.

"अफानासी," तो म्हणाला. "माझा मेहुणा. लाकडांचा ट्रक. डावा दिवा पिवळा."

विचारलं नव्हतं तेही सांगितलं.

माणसानं थर्मासचं झाकण घट्ट लावलं, थर्मास सीटवर ठेवला. आणि ट्रक गेला त्या दिशेनं चालू लागला. पायी. घाई नाही, काही नाही.

किल्ली फिरवली. इंजिन लागलं.

दोन्ही बाजूंना छातीभर बर्फ. रस्ता एकच. स्पिरिदोन दिवे पूर्ण लावून त्याच रस्त्यानं गावापर्यंत आला. वाटेत कुणी नव्हतं.

घरी न जाता तो थेट अफानासीच्या अंगणात घुसला. ट्रक उभा होता, इंजिन गोठू नये म्हणून नेहमीसारखं चालू ठेवलेलं. अफानासीनं दार उघडलं आणि स्पिरिदोननं पहिली ठेवून दिली.

"मारा दाजी," अफानासी ओठ पुसत म्हणाला. "मी परत येणार होतो. वाटलं, थांबलो तर तुम्ही तोंडावर थुंकाल."

"मग थुंकून घ्यायचं होतंस! थुंकीनं माणूस मरतो का?"

"सगळ्यांसमोर चोर म्हणालात. दोन वर्षं मी..."

"म्हणून मला मारणार होतास?"

"भांडायचं तर आत येऊन भांडा," अफानासीची बायको तुयारा चुलीपासून ओरडली. "दार उघडं टाकलंय. आणि त्या पाहुण्यालाही आत बोलवा की. मघापासून ट्रकमध्ये बसवून ठेवलाय."

दोघं थांबले.

"कोण पाहुणा?" अफानासी म्हणाला.

"तुझ्या शेजारी बसून आला तो. खिडकीतून दिसतोय ना..."

स्पिरिदोननं अफानासीकडे पाहिलं नाही. त्याला पाहवेना. दोघं बाहेर आले. अफानासीनं ट्रकचं उजवं दार उघडलं.

हीटर पूर्ण चालू होता. आतून भट्टीसारखी गरम हवा आली. केबिन रिकामी होती. शेजारची सीट तेवढी पांढरी... वरपासून खालपर्यंत बर्फाचा बारीक थर.

स्पिरिदोननं तिथंच, अंगणात, त्याला सगळं सांगितलं. नाव सांगितलं तेही. अफानासी त्याचा हात धरून आत घेऊन गेला. कुरणाचं भांडण तिथं संपलं, पण आनंदानं नाही.

स्पिरिदोननं गाडी चालवणं सोडलं. अफानासी अजून चालवतो. रस्त्यात कुणीही उभं असो, तो थांबतो. तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्याच्याशेजारी कुणी बसत नाही, मागे लाकडांवर बसतात.

त्याच वर्षीच्या जुलैत अफानासीनं मला बोलावलं. "प्रोकोपीदा, तुम्ही एकदा बघा, मला वेड लागलंय का." ऊन रखरखत होतं. डास डोळ्यांत जात होते. ट्रक आठवडाभर शेडबाहेर उन्हात उभा. त्यानं सीटचं कापड दोनदा बदललं होतं, खालचा फोमही. मी दार उघडलं आणि हात टेकवला.

कोरडा, पांढरा बर्फ. हात भाजला.

आणि गादी मधोमध दबलेली होती... जशी माणूस बसल्यावर दबते. मी बघत होतो तेवढ्यात ती थोडी अजून दबली.